सात महिन्यांनी मालक घरी आले, आणि शरीर गप्प राहिलं

विट्याकडच्या एका गावातल्या ताईंचा प्रश्न आधी त्यांच्याच शब्दांत, थोडा आवरून देते. 'माझं वय ३४, मालकांचं ३९. ते तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात असतात. वर्षातून दोनदा येतात, चैत्रात यात्रेला आणि दिवाळीला. या दिवाळीला आले तर तीन रात्री काहीच जमलं नाही. चौथ्या दिवशी मित्राकडनं कसली तरी गोळी आणली, तेव्हा कसंबसं झालं. तिकडं दुसरी कोण असेल म्हणून असं होतं का? का माझ्यातच आता काही राहिलं नाही? आणि एक सांगायची लाज वाटते. त्या रात्री मला मनातून काहीच नको होतं, रागच होता, तरी अंग ओलं झालं. एरवी मनात असतं तेव्हा मात्र कोरडंच राहतं. मी आतून एक आणि वरून एक अशी बाई आहे का?'

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो लिहायला तुम्हाला सगळ्यात जास्त धीर लागला असणार. तुम्ही खोट्या नाही. मनात नसताना ओलावा सुटणं आणि मनात असताना कोरडं राहणं, दोन्ही गोष्टी धडधाकट बाईच्या शरीरात होतात. सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला २६ वर्षं झाली. पाळी, अंगावरून पांढरं जाणं, पिशवीच्या गाठी असं सगळं बोलून झाल्यावर, चपला घालता घालता परत आत येऊन, सोबतच्या जावेला बाहेर बसवून कितीतरी जणींनी मला हेच विचारलं आहे. प्रत्येकीला वाटतं, असं फक्त आपलंच होतं.

मनात इच्छा होणं आणि जननेंद्रियांत रक्त उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांचं नातं आहे, पण ती एका जुवाला बांधलेली नाहीत. एक पुढं जातं, दुसरं मागं राहतं, कधी एक बसूनच राहतं. हे मोजून पाहिलेलं आहे. कॅनडातल्या मेरेडिथ चिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १३२ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत २,५०५ स्त्रिया आणि १,९१८ पुरुष होते. उपकरणानं मोजलेली शरीराची उत्तेजना आणि त्या माणसानं स्वतः सांगितलेली मनाची उत्तेजना किती जुळते, हे त्यांनी पाहिलं. तंतोतंत जुळलं तर आकडा १ येतो, काहीच संबंध नसला तर ०. पुरुषांत तो ०.६६ आला आणि स्त्रियांत ०.२६. म्हणजे पुरुषांचंसुद्धा सगळं जुळत नाही, आणि बाईच्या शरीराकडं बघून तिच्या मनाचा अंदाज बांधणारा तर बहुतेक वेळा चुकतोच.

हा ओलावा येतो कुठून, तेही सांगते, कारण शाळेत तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलेला असतो. योनीच्या भिंतीत ग्रंथी नसतात. तिच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. स्पर्शानं, आठवणीनं, एखाद्या आवाजानंसुद्धा मज्जातंतूंना इशारा जातो, त्या रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांत रक्त भरतं आणि रक्तातलं पाणी भिंतीतून बाहेर पाझरतं. भरलेल्या माठाच्या अंगाला पाणी सुटतं, तसं. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९६६ साली जी निरीक्षणं प्रसिद्ध केली, त्यांत हा पाझर उत्तेजना सुरू झाल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत दिसू लागला होता. एवढ्या वेळात मनानं होय-नाही ठरवलेलंही नसतं. अनेक संशोधकांचं मत असं, की आतला नाजूक भाग सोलवटू नये म्हणून शरीर ही तयारी आपोआप करून ठेवतं. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, त्याला आपण रडणं म्हणत नाही.

म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते. 'ओली झालीस म्हणजे तुला हवंच होतं,' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, मग म्हणणारा नवरा का असेना. जबरदस्ती झालेल्या बायकांच्या शरीरातही असा ओलावा येऊ शकतो, आणि त्या बिचाऱ्या वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसतात. संमती तोंडानं दिलेली असते, मनानं दिलेली असते. त्या रात्री तुम्हाला राग होता आणि नको होतं. तेच खरं होतं, आणि तसं म्हणायचा तुम्हाला हक्क होता.

मनात असून कोरडं राहण्याची कारणं बहुधा साधी असतात. बाळ अंगावर पीत असेल तर इस्ट्रोजेन कमी असतं, पाळी जायच्या वयात ते उतरतं, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही उत्तेजना मंदावते. पण चौतिशीतल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या बाईत मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे घाई. बाईच्या सुखाचा मुख्य अवयव शिश्निका. बाहेरून तिचं टोक तेवढं वाटाण्याएवढं दिसतं. आत तिचे दोन पाय हाडालगत पसरलेले असतात आणि योनीच्या दोन्ही बाजूंना फुगणाऱ्या गाद्या असतात. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद बाईंनी १९९८ साली शवविच्छेदन करून हे नीट दाखवलं, तोवर शरीररचनेच्या कितीतरी पुस्तकांत ती अर्धवटच काढलेली असायची. गर्भात असताना शिश्निका आणि लिंग एकाच मांसापासून घडतात. तिलाही रक्त भरून फुगायला लागतं आणि त्याला वेळ लागतो. दिवा मालवल्यापासून पाच मिनिटांत सगळं उरकायचं असेल, तर शरीराला तो वेळ मिळतच नाही.

आता मालकांकडं वळते. लिंगात हाड नसतं, स्नायूंचा जोरही लागत नाही. आत स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांतले बारीक स्नायू आवळलेले असतात म्हणून रक्त बेताचंच येतं. मन निवांत असताना, उत्तेजना झाली की माकडहाडाच्या वरच्या भागातून निघणाऱ्या परानुकंपी, म्हणजे विसाव्याच्या वेळी काम करणाऱ्या, मज्जातंतूंच्या टोकांना नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्यानं ते स्नायू सैल पडतात, रक्त आत धावतं, नळ्या फुगतात, आणि फुगलेल्या नळ्यांच्या दाबानं रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. पाटाचं दार उघडावं, वाफ्यात पाणी यावं आणि खालचं तोंड मातीनं बंद व्हावं, तशी ही रचना आहे. शरीरात नायट्रिक ऑक्साइड असं निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद हे ते तिघं शास्त्रज्ञ.

यात कळीची गोष्ट म्हणजे 'मन निवांत असताना'. भीती, काळजी, धाक वाटला की शरीरात ॲड्रेनालिन उसळतं आणि नेमके तेच स्नायू परत आवळून धरतं. शरीराच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, कारण मागं कुत्रं लागलं असताना रक्त पायांत हवं. अडचण अशी, की शरीराला कुत्रं आणि काळजी यांतला फरक कळत नाही. जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी २००० च्या सुमारास हे फार सोप्या रीतीनं मांडलं. प्रत्येकाच्या मेंदूत उत्तेजनेची एक रेस असते आणि एक ब्रेक असतो, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतात. कुणाचा ब्रेक हलका, कुणाचा कडक. माझ्याकडं येणाऱ्या जोडप्यांतल्या बहुतेकांना वाटतं की आपली रेस बिघडली. विचारत गेलं की कळतं, रेस नीट आहे, पाय ब्रेकवर आहे.

दिवाळीच्या त्या पहिल्या रात्री तुमच्या मालकांच्या ब्रेकवर काय काय असेल, बघा. ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर अवघडून झालेला प्रवास. दुकानातला उधारीचा आणि सोन्याच्या भावाचा घोर. घरी आल्यावर पाहुणे, भावकी, रानाच्या बांधाची भानगड. आणि मग रात्री आत्याबाई, म्हणजे तुमच्या सासूबाई, मुद्दाम पोरांना आपल्याजवळ सोप्यात झोपवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण सगळ्या घराला ठाऊक असतं की आज आतल्या खोलीत काय व्हायला हवं. सात महिन्यांचं सगळं दहा रात्रींत भरून काढायचं असतं. याची परीक्षा झाली की शरीर हात वर करतं, मग गडी कितीही दांडगा असो.

पहिल्या रात्री जमलं नाही की दुसऱ्या रात्री एक नवीन पाहुणा खोलीत येतो. माणूस स्वतःच स्वतःकडं बघायला लागतो. 'आता होतंय का? का जाईल?' अशी नजर ठेवून असतो. बायकोचा हात, तिचा श्वास, तिच्या केसांचा वास यांतलं काही मेंदूपर्यंत पोचतच नाही, कारण मेंदू राखणीला बसलेला असतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी याला प्रेक्षक होणं म्हटलं होतं. डेव्हिड बार्लो यांनी १९८६ साली याचं चक्र उलगडून दाखवलं. ज्याला ही अडचण आहे, त्याचं लक्ष सुखावर न राहता 'जमेल का' यावर जातं, त्यामुळं ताठरता आणखी कमी होते, आणि ती कमी झालेली पाहून लक्ष आणखीच तिकडं जातं. तुमच्या तीन रात्रींचा हिशेब मला असाच लागतो.

तरी मी फक्त मनावर ढकलून मोकळी होणार नाही, आणि हे मालकांना नक्की वाचून दाखवा. त्यांना विचारा, पहाटे उठताना ताठरता असते का? निरोगी पुरुषाला रात्री स्वप्नांच्या झोपेत तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते आणि पहाटेची त्यांतलीच शेवटची. ती नीट येत असेल, तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बहुतेक शाबूत आहेत आणि अडचण प्रसंगाची आहे. पण पहाटेचीही कमी होत गेली असेल, आणि हे दिवाळीलाच नव्हे तर गेलं वर्षभर हळूहळू वाढत आलं असेल, तर तपासणी लागते. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, आणि सकाळी घेतलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन.

यामागचं कारण गंभीर आहे. लिंगाला रक्त नेणारी धमनी एक ते दोन मिलिमीटरची असते, हृदयाची तीन ते चार मिलिमीटरची. धमन्यांत कीट बसायला लागलं की ते आधी बारीक नळीत जाणवतं. म्हणून काही पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयाच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. मावा, तंबाखू, सिगारेट यांतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. दुकानात भट्टीपुढं बसणाऱ्या पोरांच्या गालात सकाळपासून मावा असतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. तुम्ही याबद्दल काही लिहिलं नाही, पण खात असतील तर तिथूनच सुरू करायचं. आणि मनातलं दुखणं आणि शरीरातलं दुखणं एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतं. किंबहुना चाळिशीच्या आसपास तसंच जास्त आढळतं.

मित्राकडनं आणलेली गोळी बहुतेक सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा म्हणतात ती, असणार. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. चांगलं औषध आहे, मी स्वतः लिहून देते. पण ते इच्छा निर्माण करत नाही. नायट्रिक ऑक्साइडनं सुरू केलेलं काम टिकवून धरतं, एवढंच. मुळात उत्तेजनाच नसेल तर गोळी घेऊन माणूस नुसता छताकडं बघत बसतो. तुंब जेवून घेतली तर उशिरा लागू पडते. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जे घेतात, त्यांनी ही कधीच घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. म्हणून मित्राच्या खिशातली गोळी नको, तपासून घेतलेली हवी.

भट्टीच्या उष्णतेनं 'पावर' जाते असं गलाईवाल्यांत बोललं जातं. त्यातलं खरं एवढंच, की वृषणांना सतत उष्णता लागली तर शुक्राणू कमी तयार होतात. मूल होण्याच्या दृष्टीनं त्याला महत्त्व आहे. ताठरतेशी त्याचा संबंध नाही.

दुसरी समजूत जास्त त्रास देते. सात महिने एकटा राहणारा पुरुष हस्तमैथुन करणार, आणि मग त्याला वाटत राहणार की आपण शक्ती वाया घालवली, धात गेली. बसस्टँडच्या मागं, रेल्वेफाटकाजवळच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती या भीतीवरच जगतात. मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० साली या भीतीला धात सिंड्रोम असं नाव दिलं. वीर्य एका वेळी साधारण दोन ते पाच मिलिलिटर निघतं, त्याचा बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथींचा स्राव असतो आणि शरीर ते रोज नव्यानं बनवतं. हस्तमैथुनानं कुणी नामर्द होत नाही. मात्र एकच घाईचा, घट्ट पकडीचा स्पर्श महिनोन्‌महिने सवयीचा झाला, तर काही पुरुषांना बायकोचा हलका स्पर्श सुरुवातीला अपुरा वाटतो. सवय बदलली की तेही बदलतं. र. धों. कर्वे १९२७ पासून अशाच प्रश्नांना मराठीत उत्तरं छापत होते आणि त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. तेव्हाचे प्रश्न आणि माझ्याकडं येणारे प्रश्न फार वेगळे नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

'तिकडं दुसरी कोण आहे का?' याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि त्यांचं लिंगही देऊ शकत नाही. बाहेर संबंध असलेल्या पुरुषांना घरी काही अडचण येत नाही, आणि एकनिष्ठ नवऱ्यांची ताठरता जाते, हे मी दोन्ही पाहिलंय. त्या तीन रात्रींवरून काढलेला निष्कर्ष तुम्ही मनातून पुसून टाका. संशयाला दुसरं काही कारण असेल तर तो वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. तो सरळ विचारा, आणि दोघांनी एचआयव्हीची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त राहते.

राहिलं तुमचं 'माझ्यात काही राहिलं नाही का'. ताई, इच्छा दोन तऱ्हेनं येते. एक आपोआप, भूक लागावी तशी. दुसरी ताटावर बसल्यावर, पहिला घास चांगला लागल्यावर येते. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हे मांडलं, की कित्येक बायकांना, विशेषतः लग्नाला वर्षं झाल्यावर, इच्छा आधी नसते. जवळीक होते, बरं वाटतं, शरीर जागं होतं, आणि मग हवंसं वाटायला लागतं. कितीतरी पुरुषांचंही असंच असतं, ते कबूल करत नाहीत एवढंच. दिवसभर शेण-धारा, पोरांचा अभ्यास, सासूची औषधं, रानात बाया लावणं हे सगळं एकटीनं ओढणाऱ्या बाईला रात्री आपोआप भूक लागत नसेल, तर तिच्यात काही कमी नाही. मात्र पहिला घास रागाचा नसावा. तुमच्यात सात महिन्यांचा राग साठलाय असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. तो कशाचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मालकांना ते कळायला हवं, आणि ते अंथरुणात नको, फोनवर, आधीच.

चैत्राच्या यात्रेआधी अजून वेळ आहे. फोनवर रोज पैसा, पोरं आणि पाऊस याच्यापलीकडं पाच मिनिटं बोलायला लागा. आल्यावर पहिले तीन दिवस संभोग करायचाच नाही, असं दोघांनी फोनवरच ठरवा, आणि झोप पुरी होऊ द्या. त्या रात्री नुसतं एकमेकांना हात लावायचा. आधी पाठ, मान, हात, पाय. छाती आणि जननेंद्रियं पहिल्या दोन रात्री वगळायची. एकानं स्पर्श करायचा, दुसऱ्यानं कुठं बरं वाटतं ते सांगायचं, मग अदलाबदल. ताठरता आली तरी काही करायचं नाही, गेली तरी काही बोलायचं नाही. तिसऱ्या रात्री सगळीकडं हात लावा, पण संभोग तरीही नाही. परीक्षाच रद्द केली की राखणदार मेंदू झोपी जातो. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० साली ही पद्धत मांडली आणि आजही माझ्या हाताशी याहून भरवशाचं काही नाही. कोरडेपणासाठी पाण्याचा बेस असलेली जेल मेडिकलमध्ये मिळते. खोबरेल चालतं, पण निरोध वापरत असाल तर ते नको, तेलानं रबर फाटतं.

खोलीला आतून कडी नसेल तर सुताराकडून आधी ती बसवून घ्या. हे मी हसण्यासाठी लिहीत नाही. निम्म्या जोडप्यांना मी पहिली चिठ्ठी तीच देते.

मालक आले की एका सकाळी दोघं सांगलीला या. त्यांनी उपाशीपोटी यावं, म्हणजे साखर आणि चरबी त्याच दिवशी बघता येईल. आधी एकेकट्यानं बोलायचं की दोघांनी एकत्र आत यायचं, ते दारात आल्यावर ठरवलंत तरी चालेल.